३७.८ चा ताप: घरी रंगीत रोल धुताना

पहिला रंगीत रोल मी घरी धुतला तेव्हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) बरोब्बर ३७.८ अंशांवर होता, म्हणजे माझ्या थर्मामीटरवर तरी होता, मी डोळ्यांनी बघितलं, काटा रेषेवर आल्यावरच ओतला, ३ मिनिटं १५ सेकंद घड्याळ लावून मोजली, एक सेकंद इकडचा तिकडे नाही. आणि तरी रोल बाहेर आला तेव्हा निगेटिव्ह फिक्या, पातळ, उजेडासमोर धरल्या तर चित्र शोधावं लागत होतं. स्कॅन केल्यावर तर अजूनच वैताग. चेहरे नीट करायला जावं तर सावल्या हिरवट, सावल्या नीट कराव्यात तर पांढरा शर्ट गुलाबी. दोन्ही एकदम जागेवर येईचना.

ब्लॅक अँड व्हाइट मी बरीच वर्षं धुतोय. तिथे २० अंश, एखाद अंश इकडे तिकडे झाला तर मिनिटभर वेळ कमीजास्त करायची, तक्त्यात बघायचं, झालं काम. त्यामुळे डोक्यात असं होतं की रंगीत म्हणजे तेच फक्त गरम पाण्यात. सगळी चूक इथूनच सुरू झाली.

सी-४१ ही प्रोसेस कोडॅकने १९७२ मध्ये आणली. त्याच्या आधीची सी-२२ होती ती २४ अंशांवर चालायची. म्हणजे रंगीत फिल्मला गरम पाणीच लागतं असं काही निसर्गाने ठरवलेलं नाही, नवीन प्रोसेस पटकन व्हावी म्हणून तापमान वर नेलं, आणि ३७.८ हा विचित्र आकडा कुठून आला तर तो १०० फॅरनहाइट आहे बस. लॅबसाठी कोडॅकने डेव्हलपरला सूट किती दिली आहे माहितेय का, ०.१५ अंश वर किंवा खाली. मी हे वाचलं तेव्हा हसलो होतो, की बादली आणि किटली घेऊन बसलेल्या माणसाला ०.१५ काय सांगता.

पण कारण कळलं की हसू जातं. फिल्ममध्ये तीन थर असतात एकावर एक. वरचा निळ्या प्रकाशाचा, त्यात पिवळा रंग तयार होतो, मधला हिरव्या प्रकाशाचा, त्यात मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, आणि सगळ्यात खाली लाल प्रकाशाचा, त्यात सायन म्हणजे हिरवट निळा. डेव्हलपर वरून झिरपत खाली जातो, म्हणजे खालच्या थराला तो उशिरा मिळतो. ३ मिनिटं १५ सेकंदांत तिन्ही थर बरोबर तोलात येतील असं त्या फिल्मचं सगळं गणित बसवलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे डेव्हलपिंग पूर्ण होऊ द्यायचंच नसतं, मधेच तोडायचं असतं. चालू गाडीतून नेमक्या खांबापाशी उडी मारण्यासारखं आहे. गाडीचा वेग थोडा बदलला की खांब चुकला. ब्लीच आणि फिक्सचं, म्हणजे डेव्हलपरनंतर आतली चांदी काढून टाकणाऱ्या केमिकलचं, तसं नाही, ती कामं शेवटपर्यंत होऊ द्यायची असतात, जास्त वेळ ठेवलं तरी बिघडत नाही, म्हणून त्यांना २४ ते ४१ अंश इतकी ऐसपैस सूट आहे. हे मला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर मी ब्लिक्सची (ब्लीच आणि फिक्स एकत्र) बाटली सुद्धा ३७.८ ला आणायला अर्धा तास घालवला नसता आणि तेवढं लक्ष डेव्हलपरकडे दिलं असतं.

आणि पातळ निगेटिव्ह स्कॅनमध्ये उजळता येते, पण तीन थरांचा तोल गेला की ते नुसतं एका रंगाची झाक काढण्याचं काम राहत नाही. काळ्या बाजूला एक रंग चढलेला, पांढऱ्या बाजूला दुसराच. एकच स्लायडर फिरवून दोन उलट्या गोष्टी कशा सुटणार. माझ्या पहिल्या रोलचं नेमकं हेच झालं होतं.

तर प्रश्न असा की आकडा बरोबर, वेळ बरोबर, मग घोडं अडलं कुठे?

पहिला संशय थर्मामीटरवर. माझ्याकडे तो गोल तबकडीचा काट्यावाला होता, ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासूनचा, त्याच्यावर माझा डोळे झाकून विश्वास. बर्फाच्या पाण्यात घालून बघितला, शून्याच्या अगदी जवळ दाखवला, म्हटलं पोरगं गुणी आहे. (इथे एक, बर्फाचं पाणी म्हणजे पेल्यात दोन खडे टाकलेलं पाणी नाही, कुटलेला बर्फ गच्च भरायचा आणि फटी भरतील एवढंच पाणी, ढवळत राहायचं, तेव्हा कुठे ते शून्य असतं.) मग दुसरा एक स्वयंपाकघरातला डिजिटल होता, सळईवाला, तो त्याच गरम पाण्यात घातला तर दीडेक अंशाचा फरक. आता दोघांपैकी खरं कोण बोलतंय? दोन घड्याळं असलेल्या माणसाला वेळ कळत नाही तशी अवस्था.

उकळतं पाणी पण करून बघितलं, पण त्याला अर्थ नव्हता, एक तर उंचीप्रमाणे उकळायचा आकडा बदलतो आणि दुसरं म्हणजे मला १०० सेल्सिअसला काही करायचंच नाहीये, मला ३७.८ ला खरं बोलणारा हवाय. आणि मग एकदम ट्यूब पेटली. ३७.८ म्हणजे १०० फॅरनहाइट, म्हणजे बारीक ताप! अख्ख्या घरात नेमकं ह्याच आकड्याच्या आसपास अचूक असणारं एकच यंत्र आहे आणि ते औषधांच्या डब्यात पडलंय. तापाचा डिजिटल थर्मामीटर. तो ३५ ते ४२ च्या मधेच कामाचा, पण तेवढ्या पट्ट्यात त्याला ०.१ अंशाच्या हिशोबाने बनवलेलं असतं.

तो घेऊन मोरीत जाताना आईने बघितलं.

"काय रे, कणकण आहे का?"

"मला नाही, केमिकलला."

आईने नुसतं बघितलं, काही बोलली नाही. त्या बघण्यात सगळं आलं.

बादलीत गरम पाणी घेतलं, तिन्ही थर्मामीटर रबरबँडने एकत्र बांधले म्हणजे टोकं एका जागी राहतील, आणि ढवळत राहिलो. तापाचा थर्मामीटर वापरताना एक लक्षात ठेवायचं, तो सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो, पाणी गार झालं तरी आकडा उतरत नाही, त्यामुळे दर वेळी बंद करून परत चालू करावा लागतो, नाहीतर दहा मिनिटांपूर्वीचा ताप वाचत बसाल. मी बसलो होतो. सात आठ वेळा मोजून निकाल असा की तबकडीवाला ३७.८ दाखवतो तेव्हा खरं तापमान असतं ३६.६. बर्फात खरं बोलतो आणि गरम पाण्यात थापा मारतो. डिजिटल सळईवाला ०.४ ने कमी दाखवत होता पण दर वेळी तेवढाच कमी, म्हणजे त्याच्याशी संसार करता येतो, मी त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावून त्यावर लिहून टाकलं, ३७.४ म्हणजे ३७.८.

तबकडीवाल्याची थोडी बाजू घ्यायची तर माझीही चूक होती. त्याचा जाणवणारा भाग टोकाला टिकलीएवढा नसतो, दांडीचा खालचा काही सेंटिमीटरचा भाग असतो, आणि मी तो बाटलीच्या तोंडातून जेमतेम टोक बुडवून वाचायचो. पूर्ण बुडवून थोडा सुधारला पण पूर्ण नाही. आता तो परत ब्लॅक अँड व्हाइटच्या खोक्यात गेलाय.

तर १.२ अंश इथे सापडले. मला वाटलं संपलं. दुसरा रोल धुतला, खऱ्या ३७.८ ला ओतून. निगेटिव्ह आधीपेक्षा बऱ्या, पण तरी फिक्याच, आणि रंगांचं भांडण कमी झालं तरी मिटलं नव्हतं.

आता इथे मी एक गोष्ट केली जी खरं म्हणजे पहिल्या दिवशी करायला हवी होती. रोल न घालता, केमिकल न घालता, नुसत्या पाण्यावर सगळी रंगीत तालीम. टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या बंद डब्यात, रिकामं रील (ज्यावर फिल्म गुंडाळतात), ५०० मिली साधं पाणी ३७.८ ला, ओतलं, आणि टँकच्या मधल्या नळीतून डिजिटलची बारीक सळई आत सोडली. फिल्म नाही म्हणजे अंधार नको, दिवे लावून आरामात बघता येतं. खोली होती २५ अंशांवर.

अर्ध्या मिनिटात आकडा ३५.९. मी परत एकदा केलं, परत तेच. ३ मिनिटं १५ सेकंदांच्या शेवटी ३५.२!

म्हणजे ओतताना ३७.८ असलेला डेव्हलपर फिल्मपाशी पोचला तेव्हाच जवळजवळ दोन अंशांनी उतरला होता. गेलं कुठे तापमान? टँकमध्ये. प्लास्टिकचा टँक, झाकण, रील, मधली नळी मिळून वजन करून बघितलं तर ३०० ग्रॅमच्या आसपास, ते सगळं २५ अंशांवर गार बसलेलं, आणि वरून आपण अर्धा लिटर गरम द्रव ओततो, तर दोघं मधे कुठेतरी भेटणारच. शाळेतलं उष्णतेचं गणित, दिलेली उष्णता बरोबर घेतलेली उष्णता. प्लास्टिकला पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता लागते म्हणून दोन अंशांवर निभावलं. मी कागदावर मांडून बघितलं, उत्तर १.९ आलं आणि शपथ सांगतो मला दहावीचा निकाल लागला तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

म्हणजे माझ्या पहिल्या रोलचा खरा हिशोब काय, तर थर्मामीटरने १.२ खाल्ले, टँकने दोनाच्या आसपास खाल्ले, उरलेलं हवेने. मी ३७.८ समजत होतो आणि फिल्म ३४ च्या आसपास पोहत होती. आणि ह्या सगळ्या वेळात मी बादलीतल्या पाण्याचं तापमान दशांशात जपत बसलो होतो. फिल्म बादलीत नसते ना बाबा, फिल्म टँकमध्ये असते.

मग पाण्याच्या तालमी सुरू झाल्या, एका रविवारी नऊ दहा वेळा केल्या असतील, घरच्यांना वाटलं हा वेडाच झालाय. आधी टँक रिकामाच गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून बघितला. फरक पडला पण आत हवा असते आणि प्लास्टिकमधून उष्णता रांगत जाते, मधली नळी आणि रील गारच राहतात, तरी ओतल्यावर ३७.२ मिळाले. मग आतच ३९ अंशांचं पाणी भरून मिनिटभर ठेवलं, ओतून दिलं, परत भरलं, परत मिनिटभर. त्यानंतर ३७.८ चं पाणी ओतलं तर आतलं तापमान ३७.६. हे जमलं! पण टँक हातात धरून उलटापालटा करत राहिलो तर शेवटी ३७.१ पर्यंत उतरायचा. दोन ढवळण्यांच्या मधल्या वेळात टँक परत गरम पाण्यात उभा केला तर शेवटी ३७.५.

अजून एक मजा. पंखा चालू होता. ओला टँक पाण्यातून वर काढला की त्याच्या बाहेरचं पाणी वाऱ्याने सुकायला लागतं आणि सुकताना टँकमधली उष्णता घेऊन जातं, माठासारखं. पंखा बंद करून तीच तालीम केली तर दीड दोन दशांश वाचले. आता रोल धुताना पंखा बंद, घाम आला तर येऊ दे.

ह्या आत पाणी भरून ठेवण्याला प्रीसोक म्हणतात आणि त्यावरून लोकांची भांडणं आहेत. काही म्हणतात रंगीत फिल्मला करूच नका, मूळ प्रोसेसमध्ये नाहीये, फिल्म आधीच पाणी पिऊन बसली की डेव्हलपर शिरायला वेगळा वेळ घेतो. काही म्हणतात केल्याशिवाय पर्याय नाही. माझं मत विचाराल तर घरच्या टँकसाठी करा, पण एकदा करायचं ठरवलं की दर वेळी करा, तेवढाच वेळ. पाणी नीट निथळू द्या नाहीतर डेव्हलपर तेवढा पातळ होतो. बाहेर पडणारं पाणी रंगीत आलं तर दचकू नका, फिल्मवरचे काही रंग धुऊन येतात, माझं पहिल्यांदा हिरवट आलं तेव्हा मला वाटलं रोलच विरघळला.

आता बादलीकडे येतो, कारण तिथेही एक खड्डा होता ज्यात मी पडून आलोय. गरम पाण्यात बाटल्या ठेवल्या, पाण्याचं तापमान ३८, पाऊण तास नाही पण वीस मिनिटं वाट बघितली, म्हटलं आतलंही ३८ झालं असेल. नाही झालं. लिटरची प्लास्टिकची बाटली, आतला द्रव स्थिर, वीस मिनिटांनी आत मोजलं तर ३३.५. बाटली अधूनमधून हळूच हलवली आणि पाण्याची पातळी बाटलीच्या गळ्यापर्यंत ठेवली तर लवकर होतं, तरी अर्धा पाऊण तास धराच. आणि मोजायचं बाटलीच्या आत, बाहेर नाही. फक्त तीच सळई ब्लिक्समधून काढून न धुता डेव्हलपरमध्ये घालू नका, ब्लिक्सचे चार थेंब डेव्हलपरची वाट लावायला पुरेसे आहेत. उलटं झालं तर एवढं बिघडत नाही.

पाणी गरम ठेवायचे प्रकार मी क्रमाने सगळे करून बघितले. साधी बादली आणि किटली, म्हणजे गार झालं की ओत उकळतं, जास्त झालं की ओत गार, ह्यात तुमचे दोन्ही हात आणि सगळं लक्ष जातं. मग थर्मोकोलचा मोठा डबा, झाकणासकट. हा प्रकार मला अजूनही आवडतो, वीज नाही काही नाही, पंधरा वीस लिटर पाणी ३९ ला भरून झाकण लावलं की अर्ध्या तासात अंशभरसुद्धा उतरत नाही, कारण एवढं पाणी गार व्हायलाच वेळ लागतो. ज्याला वर्षात चार रोल धुवायचेत त्याने एवढंच करावं. मग कुणीतरी सांगितलं फिशटँकचा हीटर लाव. लावला. तो ३४ च्या पुढे जाईचना, जाणार कसा, माशांसाठी बनवलाय, बहुतेक हीटर ३२ ते ३४ ला थांबतात.

शेवटी सू व्हीडची कांडी आणली. ती मुळात स्वयंपाकाची वस्तू, पाण्यात उभी राहते, हीटर आणि पाणी फिरवणारा छोटा पंखा एकत्र, आकडा द्या आणि विसरून जा. पाणी फिरतं ठेवते हे तिचं खरं कौतुक, स्थिर पाण्यात वर ३९ आणि तळाला ३७ असं सहज असतं. तिला कमीत कमी पाण्याची एक खूण असते तिच्याखाली पाणी गेलं की ती रुसून बंद पडते. आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्या पाण्यात तरंगतात आणि आडव्या होतात, माझी एक झाकण सैल असलेली झाली, पुढचं सांगत नाही. आता बाटल्यांच्या मानेला दोरीने वजन बांधतो. ह्या कांडीवरचा आकडाही तपासून घ्या, माझी ०.३ ने जास्त दाखवते. कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा नाही असं झालंय आता.

एवढं सगळं झाल्यावर मला कळेना की हे दशांश खरंच फिल्मवर दिसतात का मीच उगाच खुळावलोय. म्हणून एक रोल मुद्दाम खर्ची घातला. तिपाईवर कॅमेरा, राखाडी कार्ड, रंगांचा तक्ता, एक पांढरा टॉवेल आणि एक काळं जॅकेट, ढगाळ उजेड, सगळ्या ३६ फ्रेम तशाच्या तशा. मग चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणारी, हात घालून काम करायची पिशवी) अंदाजाने त्याचे तीन तुकडे केले आणि तीन वेगळ्या वेळी धुतले, एक आत ३५ अंश राहील असा, एक ३७.८ चा, एक ४० चा, वेळ तिन्हीला ३ मिनिटं १५ सेकंद. अंधारात कापताना एक फ्रेम मधोमध गेली, ती चालते.

तिन्ही पट्ट्या खिडकीत शेजारी शेजारी धरल्या तेव्हाच उत्तर मिळालं, स्कॅनरची गरजच नव्हती. ३५ वाली फिकी, सपाट. ४० वाली गडद, कॉन्ट्रास्ट चढलेला, आणि जिथे काहीच चित्र नाही ती नारिंगी कडसुद्धा जराशी काळपट. स्कॅन करून राखाडी कार्ड तिन्हीत बरोबर राखाडी केलं. मधलीत टॉवेल पांढरा, जॅकेट काळं. ३५ वालीत कार्ड राखाडी पण जॅकेटच्या घड्यांत हिरवं आणि टॉवेलवर गुलाबी, माझ्या पहिल्या रोलचा आजार हुबेहूब. ४० वाली मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी निघाली, रंग भडक, दाणा थोडा जाड, पण सावरता येण्याजोगी. म्हणजे माझ्या बघण्यातून तरी, चुकायचंच असेल तर वरच्या बाजूला थोडं चुकलेलं परवडलं, खाली नको. स्लाइड फिल्म धुणाऱ्यांनी हे ऐकू नका, ई-६ (स्लाइडची प्रोसेस) च्या पहिल्या डेव्हलपरला ३८ म्हणजे ३८, तिथे निगेटिव्ह स्कॅन करून सावरायची सोयच नाही, जे दिसतं तेच चित्र.

पुढे मी एक चौथा तुकडा पण केला दुसऱ्या रोलमधून, ३७.३ चा. अर्धा अंश कमी. मन लावून बघितलं तर फरक होता, जॅकेटमध्ये किंचित. पण आधी माहीत नसतं तर मी ओळखलं नसतं. त्यामुळे कोडॅकची ०.१५ ची सूट दिवसाला शेकडो रोल काढणाऱ्या लॅबसाठी बरोबर आहे, त्यांना आजचा आणि पुढच्या महिन्याचा रोल सारखाच यायला हवा, त्यांच्याकडे तपासणीसाठी कंट्रोल स्ट्रिप नावाच्या पट्ट्या असतात, फिल्मचा गडदपणा मोजणारा डेन्सिटोमीटर असतो. आपण अर्ध्या अंशाच्या आत राहिलो आणि दर वेळी तिथेच राहिलो तर झोप लागते.

आणि वेळ पण विसरू नका, सगळे तापमानाच्या मागे लागतात. १९५ सेकंदांत ओतायला आणि काढायला दहा सेकंद इकडे तिकडे झाली तर तोही पाच टक्क्यांचा फरक. मी ओतायला सुरुवात केली की घड्याळ चालू करतो आणि १० सेकंद राहिली की उपसायला लागतो, नेहमी असंच.

ब्लिक्सचं थोडक्यात. त्याला सूट आहे म्हटल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो, थंडीत त्याची बाटली गरम पाण्यात ठेवलीच नाही, खोली १८ अंशांवर, आणि वेळ मात्र तेवढाच दिला. निगेटिव्ह मळकट, धुरकट, रंगांवर राख पसरल्यासारखी, कारण आतली चांदी पूर्ण निघालीच नव्हती. परत ३८ च्या ब्लिक्समध्ये दहा मिनिटं ठेवली, नीट धुतली, व्यवस्थित झाली. ही चूक माफ होणारी आहे, डेव्हलपरची नाही. गरम ब्लिक्स टँकमध्ये घातला की गॅस होतो, झाकण दाबून हलवलं की फसकन उडतं, पहिल्या हलवण्यानंतर झाकण जरा उघडून फुस्स होऊ द्या. जुना टीशर्ट घाला. हातमोजे आणि खिडकी उघडी हे सांगायला नको, पंखा मात्र डेव्हलपर संपल्यावर. स्टॅबिलायझर, म्हणजे सगळ्यात शेवटचं केमिकल, तर गरम करूच नका, खोलीच्या तापमानाला छान चालतो आणि त्याची वाफ नाकात गेलेली बरी नाही.

एकदा सगळं तापमान जिथल्या तिथे आणि तरी रोल फिका आला. मी तीन दिवस थर्मामीटरला शिव्या देत बसलो, परत बर्फ, परत तापाचा थर्मामीटर, परत पाण्याची तालीम. शेवटी बाटलीकडे बघितलं तर डेव्हलपर गडद तपकिरी झालेला, अर्धी बाटली रिकामी म्हणजे आत हवाच हवा, दोन महिने तसाच. मेलेला होता बिचारा. तापमानाचं खूळ डोक्यात शिरलं की प्रत्येक रोगाला तापच वाटायला लागतो.

काही किटच्या कागदावर कमी तापमानाचा तक्ता असतो, माझ्यात ३० अंशांना ८ मिनिटं लिहिलं होतं. ते पण केलं, कारण खोली २५ ला असेल तर ३० सांभाळणं पोरखेळ आहे, टँक फार काही खात नाही. निकाल? चालण्यासारखा. पण तिन्ही थर लांबलेल्या वेळात सारख्या चालीने पुढे जात नाहीत, रंग जरा वेगळे येतात, मला त्वचेचा रंग तितका आवडला नाही. ज्याच्याकडे फक्त बादली आहे त्याने ३४ ला चुकण्यापेक्षा ३० ला ८ मिनिटं बरोबर केलेली कधीही चांगली.

आता माझं चाललंय ते असं. कांडी पाऊण तास आधी ३८.६ ला लावतो, ती ०.३ जास्त दाखवते म्हणजे पाणी खरं ३८.३. बाटल्या गळ्यापर्यंत पाण्यात, मधून हलवायच्या. डेव्हलपर बाटलीच्या आत ३८.१ झाला की रोल भरलेला टँक पाण्यात उभा करून दोनदा प्रीसोक. मग निथळवणं, ओतणं, पहिली ३० सेकंद सलग उलटसुलट, नंतर दर अर्ध्या मिनिटाला चार वेळा आणि मधल्या वेळात टँक पाण्यातच. पाण्याच्या तालमीत ह्या पद्धतीने आत ३८ च्या आसपास सुरू होऊन ३७.६ ला संपतं, सरासरी जिथे हवी तिथे. थंडीत आणि उन्हाळ्यात कांडीचा आकडा एक दोन दशांश बदलावा लागतो, म्हणून मोसम बदलला की एक तालीम पाण्यावर. वहीत प्रत्येक रोलपुढे खोलीचं, बाटलीचं आणि ओतून काढल्यावर डेव्हलपरचं तापमान लिहितो, हे शेवटचं सगळ्यात कामाचं, कारण बाहेर आलेला द्रव लगेच मोजला की आत काय झालं ते कळतं.

मागच्या महिन्यात त्याच राखाडी कार्डाच्या तीन फ्रेम तीन वेगवेगळ्या रोलच्या शेवटी काढल्या होत्या, स्कॅन करताना एकाच सेटिंगने तिन्ही बसल्या.

तापाचा थर्मामीटर मी परत औषधांच्या डब्यात ठेवायला गेलो होतो, धुऊन पुसून. आईने घरातल्यांसाठी नवा आणला होता. जुन्यावर तिने तिच्या अक्षरात पट्टी चिकटवलीय, "हा फिल्मचा. कुणी तोंडात घालू नये."